परीकथांतील काळोख आणि आजच्या चित्रकथा

(नभोवाणीवरील भाषण)

हिमगौरी, सिंड्रेला, लाल टोपीवाली मुलगी, हॅन्सेल आणि ग्रेटेल ही नावे आता आपल्या घरांतूनही परकी राहिलेली नाहीत. भारतीय चित्रकथांशी तर या मंडळींचा जन्मापासूनचा संबंध आहे. अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्रकथा’ या मालेतील ‘कृष्ण’ हा अंक सर्वांत जुना म्हणून ओळखला जातो. परंतु त्याचा क्रमांक पाहू गेल्यास तो अकरा आहे. त्याआधीचे दहा क्रमांक सिंड्रेला, हिमगौरी, लाल टोपीवाली अशा बहुतांशी पाश्चात्त्य कथांनी आधीच अडवले होते.

अशा या ओळखीच्या नावांची नवी पुस्तके आज ग्रंथविक्रेत्यांकडे दिसतात, तेव्हा हात सहजच त्यांच्याकडे जातो. मुखपृष्ठावर राजकन्या असते, अरण्य असते, लांडगाही असतो. पान उलटले की मात्र वाचक दचकतो. राजकन्येच्या ओठांचा लाल रंग सफरचंदाचा नसतो. लांडगा अंगात कोट घालून सिगारेट ओढीत एका खुनाचा तपास करीत असतो. गेल्या पंचवीस वर्षांत इंग्रजी, फ्रेंच आणि जपानी भाषांत परीकथांची अशी काळोखी चित्ररूपे विपुल निघाली आहेत, आणि त्यांच्याविषयी दोन मते हटकून ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ‘कोवळ्या मुलांच्या गोड गोष्टी या लोकांनी नासवल्या.’ दुसरा पक्ष उत्तर देतो, ‘मूळ गोष्टी अशाच भीषण होत्या, आम्ही त्यांच्यावरचा साखरेचा पाक तेवढा धुऊन काढला.’

माझ्या मते ही दोन्ही मते इतिहासाला धरून नाहीत. शिवाय या दोन पक्षांच्या वादात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. तो प्रश्न असा : एखादी गोष्ट कोणासाठी सांगितली आहे, हे तिच्या नावावरून आणि तिच्यातील चित्रांवरून ठरवता येते काय? आजच्या भाषणात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम मूळ गोष्टींकडे वळू. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम या जर्मन बंधूंच्या कथासंग्रहाचा पहिला भाग १८१२ साली प्रसिद्ध झाला. त्यात ८६ कथा होत्या. १८१५ च्या दुसऱ्या भागात आणखी ७० आल्या. बंधूंचे कासेल हे शहर १८१२ मध्ये नेपोलियनच्या भावाच्या अमलाखाली होते. परक्यांच्या राजवटीत आपल्या लोकांचे मौखिक वाङ्मय लोपून जाईल, ते टिपून ठेवावे, ही त्या दोघा अभ्यासकांची तळमळ होती. ग्रंथाच्या नावात ‘मुलांच्या आणि घरगुती कथा’ असे शब्द होते खरे. पण ग्रंथाची घडण पंडिती होती. त्यात चित्रे नव्हती. उलट कथांना विद्वत्तापूर्ण टिपा जोडलेल्या होत्या. असे पुस्तक नावावर विसंबून लोकांनी मुलांच्या हाती दिले, आणि तक्रारींना सुरुवात झाली. तक्रारींना कारणही तसेच होते. खाटकाचा खेळ खेळता खेळता मुलांच्या हातून घडलेल्या हत्येची एक कथा पहिल्या भागात होती. १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ती वगळण्यात आली.

त्या आवृत्तीपासून विल्हेल्म ग्रिम यांनी कथांवरून हात फिरवण्यास आरंभ केला, आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत तो हात थांबला नाही. १८१२ च्या पाठात हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी राणी ही तिची जन्मदात्री आई आहे. १८१९ मध्ये ती सावत्र आई झाली. मुलांना रानात सोडून येण्याचा सल्ला देणारी हॅन्सेल-ग्रेटेलची आई हीदेखील आरंभी सख्खीच होती. पुढच्या एका आवृत्तीत तीही सावत्र ठरली. मनोऱ्यात कोंडलेली रापुन्झेल पहिल्या पाठात भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे मला घट्ट का होऊ लागले? त्या प्रश्नातून राजपुत्राच्या भेटीगाठी उघड होतात. हा प्रश्न पुढे नाहीसा झाला. थोडक्यात, आईची अब्रू राखण्यात आली आणि शृंगाराचा उल्लेख पुसण्यात आला.

क्रौर्य मात्र या शुद्धीकरणातून सुटले. इतकेच नव्हे, तर काही ठिकाणी वाढले. सिंड्रेलाच्या लग्नाच्या दिवशी पक्षी तिच्या सावत्र बहिणींचे डोळे टोचून काढतात, हा प्रसंग १८१२ च्या पाठात नाहीच. तो १८१९ मध्ये आला. दुष्टांना कडक शासन झाले म्हणजे कथा मुलांना योग्य झाली, अशी त्या काळची समजूत होती. आज आपण ज्याला ‘मूळची भीषणता’ म्हणून दाखवतो, तिच्यातील काही भाग मुलांसाठी कथा सुधारताना घातला गेला, ही गोष्ट दोन्ही पक्षांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

बरे, ग्रिम बंधूंच्या मागे जावे, तरी ‘मूळ’ म्हणून बोट ठेवावे अशी जागा सापडत नाही. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली लाल टोपीवाल्या मुलीची कथा छापली, ती लांडग्याच्या पोटातच संपते. पोट फाडून मुलीला बाहेर काढणारा शिकारी तिथे नाही. त्याऐवजी शेवटी तरुण मुलींना उद्देशून पद्यात बोध आहे, की गोडबोल्या लांडग्यांपासून जपा. पेरोचा वाचक राजदरबाराच्या आणि प्रतिष्ठितांच्या बैठकींतला होता. लांडगा म्हणजे कोण, हे त्या मंडळींना समजावून सांगावे लागत नव्हते. पुढे ग्रिम बंधूंना ही कथा कासेलच्या एका सुशिक्षित घराण्याकडून मिळाली. त्या घराण्याचे पूर्वज फ्रान्समधून आलेले होते. जर्मनीत आल्यावर मुलगी वाचली. ऐकणारा बदलला, तसा कथेचा शेवटही बदलला.

ऐकणाऱ्यागणिक होणाऱ्या या बदलाचे पुढचे मोठे पाऊल म्हणजे वॉल्ट डिस्ने यांचा १९३७ चा हिमगौरीवरील चित्रपट. ग्रिमच्या कथेत राणीला हिमगौरीच्या लग्नात तापवलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते. चित्रपटात ती वादळात कड्यावरून कोसळते. कोणी तिला मारीत नाही, आणि तिचे मरण पडद्यावर दिसतही नाही. हीच हिमगौरी जगभर पसरली. म्हणून आज काळोखी चित्रकथा पाहून दचकणारा वाचक बहुधा डिस्नेच्या हिमगौरीशीच तिची तुलना करीत असतो.

आता चित्रकथेकडे येऊ. परीकथा भीषण करून सांगण्याचा उद्योग अमेरिकेत १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच झाला होता. विल्यम गेन्स यांच्या ई. सी. या प्रकाशनसंस्थेच्या भयकथांच्या मासिकांत परीकथांची वेडीवाकडी रूपे येत असत. ‘ग्रिम’ या आडनावाचा उच्चार आणि ‘भीषण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द एकच असल्याने शीर्षकाची कोटी आयतीच सापडली होती. ही मासिके नाक्यावरच्या दुकानांत दहा सेंटला मिळत आणि मुले ती घेत.

एप्रिल १९५४ मध्ये बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसमोर न्यूयॉर्क येथे गेन्स यांची साक्ष झाली. त्याच वर्षी फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञांनी चित्रकथांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारे पुस्तक प्रसिद्ध केले. लोकमत इतके तापले, की ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता स्वीकारली. रक्तपात नको, चालती प्रेते नकोत, वेताळ नकोत, मनुष्याचा लांडगा होणे नको, मासिकाच्या नावात ‘भय’ हा शब्द नको, आणि प्रत्येक कथेत चांगल्याचा वाइटावर विजय झालाच पाहिजे, असे तिचे दंडक होते. गेन्स यांची भयकथांची मासिके बंद पडली. ही लाट अमेरिकेपुरती राहिली नाही. १९५५ साली ब्रिटनने, आणि १९५६ साली आपल्या संसदेनेही, तरुणांना अपायकारक अशा प्रकाशनांना आळा घालणारा कायदा केला. त्यात क्रौर्याच्या व बीभत्स प्रसंगांच्या चित्रमय कथांचा विचार स्पष्टपणे केलेला आहे.

वर्थॅम यांची कळकळ खोटी नव्हती. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील गरिबांसाठी त्यांनी अल्प खर्चाचे मानसोपचार केंद्र चालवले होते. परंतु पुढे त्यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाली, तेव्हा कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिले, की मुलांच्या हकीकती त्यांनी आपल्या सिद्धांताला सोयीच्या होतील अशा बदलून मांडल्या होत्या. पण पुराव्याचा हा दोष क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या साऱ्या चळवळीच्या मुळाशी आणखी एक चूक होती, आणि ती आजही आपला पिच्छा सोडीत नाही. चित्र म्हटले की मूल, हे त्या चळवळीने गृहीत धरले. जे बालकाला योग्य नाही, ते चित्ररूपाने कोणालाच मिळू नये, असा त्या आचारसंहितेचा परिणाम झाला. तिचे दंडक काटेकोर लावले असते, तर लांडग्याचे पोट फाडून आजीला बाहेर काढण्याचा ग्रिमचा प्रसंगही चितारणे कठीण झाले असते. काळाच्या ओघात ती संहिता सैल होत गेली, आणि २०११ च्या आरंभी राहिलेल्या प्रकाशकांनीही तिचा त्याग केला.

या मोकळिकीच्या काळात जे परीकथांचे प्रयोग झाले, त्यांत सर्वांत मोठा म्हणजे बिल विलिंगहॅम यांची ‘फेबल्स’ ही चित्रकथामाला. २००२ ते २०१५ या काळात तिचे १५० अंक निघाले, आणि पुढे २०२२ मध्ये काही अंकांपुरती ती पुन्हा सुरू झाली. चित्रकारांत मार्क बकिंगहॅम यांचा वाटा सर्वांत मोठा. या मालेची कल्पना अशी : एका अज्ञात शत्रूने परीकथांची सारी राज्ये जिंकून घेतली आहेत. तेथून जीव घेऊन पळालेली पात्रे न्यूयॉर्क शहरात माणसांच्या नकळत वस्ती करून राहतात. हिमगौरी त्या वस्तीचा कारभार पाहते. राजपुत्र तोच; त्याने हिमगौरीशी, निद्रिस्त राजकन्येशी आणि सिंड्रेलाशी पाळीपाळीने लग्न केले आणि तिघींशीही त्याचा घटस्फोट झाला. आणि वस्तीचा कोतवाल कोण? तर आजीला गिळणारा तोच लांडगा, आता मनुष्यरूपात.

ही विनोदी वाटणारी मांडणी हळूहळू गंभीर होत जाते. वस्तीत येणाऱ्या प्रत्येकाने एका करारावर सही करावयाची असते, आणि त्या कराराने त्याचे मागचे सारे अपराध माफ होतात. ज्याने आपल्या माणसांना खाल्ले, त्याच्या शेजारी बिऱ्हाड करावे लागते. देश गमावलेल्या माणसांना जुनी वैरे विसरून एकत्र राहता येते काय, हा इथला प्रश्न आहे. आणि तो निर्वासितांच्या छावणीतला प्रश्न आहे, पाळण्याजवळचा नव्हे. ज्या प्राण्यांना माणसासारखे दिसता येत नाही, त्यांना शहराबाहेरच्या शेतावर ठेवले जाते. ते अखेर बंड करतात, आणि त्या बंडात रक्त सांडते. आणि राज्ये गिळणारा तो शत्रू शेवटी कोण निघतो? लाकडातून मुलगा घडवणारा म्हातारा गेपेत्तो. वात्सल्यापोटी एक बाहुला घडवणाऱ्याच्या मनात सारे जगच आपल्या हाताने घडवावे अशी लालसा उत्पन्न झाली, तर काय होईल, याचे हे उत्तर आहे. या मालेवर प्रकाशकांनी ‘प्रौढ वाचकांसाठी’ अशी सूचना छापलेली होती. ती सूचना खरी होती.

असल्या कामासाठी लेखक परीकथाच का निवडतात, असे कोणी विचारील. एक कारण व्यावहारिक आहे. परीकथांना मालक नाही. विलिंगहॅम यांच्या मनात आरंभी पीटर पॅन याला तो शत्रू करावयाचे होते. परंतु त्या पात्राचे हक्क मोकळे नसल्याने त्यांनी तो विचार सोडला. पुढे २०२३ साली याच लेखकाने प्रकाशकांशी बिनसल्यावर आपली सारी ‘फेबल्स’ माला लोकांना अर्पण केल्याचे जाहीर केले, आणि प्रकाशकांनी तो दावा नाकारला. लोकांकडून घेतलेल्या कथा लोकांना परत देता येतात की नाही, यावरही वाद व्हावा, हा काळाचा महिमा! दुसरे कारण कलेचे आहे. परीकथा वाचकाला आधीच ठाऊक असते. सफरचंद दिसले की पुढचे सारे त्याला आठवते. तेव्हा लेखकाला कथा सांगावी लागत नाही. वाचकाला ठाऊक असलेली कथा कुठे मोडली, एवढेच दाखवले की पुरे होते.

हे मोडणे किती सखोल असू शकते, याची आणखी तीन उदाहरणे देतो. नील गेमन यांच्या १९९४ मधील हिमगौरीविषयक कथेला कॉलीन डोरन यांनी २०१९ साली चित्ररूप दिले. त्यात कथा सांगते ती राणी, आणि सांगते ती भट्टीत कोंडली गेलेली असताना. तिच्या मते हिमगौरी ही रक्त पिणारी पिशाच्ची होती आणि राज्याला तिच्यापासून वाचवण्याचा आपण प्रयत्न केला. परंतु जिंकला तो दुसरा पक्ष, आणि गोष्ट लिहिली तीही त्यानेच. डोरन यांची नाजूक, नक्षीदार चित्रे पाहणाऱ्याला मोहात पाडतात, आणि तो मोहच कथेचा विषय आहे. सुंदर दिसणाऱ्यावर आपण किती सहज विश्वास टाकतो, हे ती चित्रे आपल्यावरच प्रयोग करून दाखवतात.

दुसरे उदाहरण फ्रेंच आहे. फाब्यां वेल्मान यांनी ‘केरास्कोएत’ या टोपणनावाने काम करणाऱ्या चित्रकार जोडप्याबरोबर २००९ साली एक पुस्तक केले; त्याच्या नावाचा अर्थ ‘सुंदर काळोख’ असा होतो. अरण्यात एक लहान मुलगी मरून पडली आहे, आणि तिच्या देहातून अंगठ्याएवढी माणसे बाहेर येतात. ही माणसे बालपुस्तकातल्यासारखी गोंडस आहेत. रंग पाण्यासारखे निर्मळ आहेत. ऋतू पालटतात, देह झिजत जातो, आणि ही गोंडस माणसे खेळता खेळता एकमेकांचा जीव घेऊ लागतात. मुलगी कशी मेली, हे कोणी सांगत नाही. पुस्तक वरवर चाळून त्याची जागा बालविभागात ठरवणारा ग्रंथपाल किती फसेल, याची कल्पना करावी.

तिसरे उदाहरण कॅनडातील एमिली कॅरल यांच्या २०१४ च्या कथासंग्रहाचे. या संग्रहाचा वाचक किशोरवयीन धरलेला आहे. हिमाने वेढलेल्या घरात वडिलांची वाट पाहणाऱ्या तीन बहिणी एकामागून एक नाहीशा होतात. का, याचा उलगडा होत नाही. संग्रहाच्या अखेरीस लाल वस्त्रातली एक मुलगी रात्री रान ओलांडून सुखरूप घरी पोहोचते आणि अंथरुणात शिरते. तेव्हा खिडकीशी आलेला लांडगा तिला समजावतो, की तुला या रानातून पुन्हा पुन्हा जायचे आहे आणि दर वेळी तुझे दैव बलवत्तर असायला हवे. माझे एकदा असले की भागते.

श्रोतेहो, इथे जुन्या कथेतला काळोख आणि या नव्या चित्रकथांतला काळोख यांतला फरक हाती लागतो. जुन्या कथेत लांडगा मरतो. शिक्षा कितीही क्रूर असली, तरी ती झाल्यावर भय संपते, आणि ऐकणारे मूल झोपी जाते. शिवाय ते क्रौर्य एका ओळीत सांगून होते. डोळे टोचले, एवढेच वाक्य. त्यात वेदना नाही, रक्ताचा रंग नाही. मूल आपल्याला झेपेल तेवढेच चित्र मनात काढते, आणि न झेपणारे सोडून देते. आपल्याकडील चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतही कित्येक घरी तापलेल्या तव्याचा चटका कावळ्याला बसतो, तेव्हाच ती संपते. आजीच्या आवाजात तो चटका मुलाला हसवतो. तोच तवा आणि तोच भाजलेला पक्षी एका पानभर चौकटीत बारकाव्यांनिशी रंगवला, तर मुलाच्या मनाला निवडीला वाव उरत नाही. चित्रकाराने जेवढे दाखवले, तेवढे सारे त्याला पाहावेच लागते. आणि नजर पुढे नेली, तरी पान तिथेच उघडे असते.

नव्या चित्रकथांत भय संपत नाही, याचे कारण त्यांना प्रौढाशी बोलायचे असते. प्रौढाला ठाऊक असते, की लांडगे एकदाच मारून संपत नाहीत. राणीचीही एक बाजू असू शकेल, माफी दिली म्हणून घाव भरतोच असे नाही, आणि गोंडस चेहऱ्याआड निष्ठुरता असू शकते, या गोष्टी अनुभवाने त्याच्या कानांवर आलेल्या असतात. त्याला ‘ते सुखाने नांदू लागले’ हे वाक्य पुरत नाही. अशा वाचकासाठी परीकथेचा शेवट उसवून पाहणे हे वाङ्मयाचे रास्त काम आहे. पेरोने आपल्या बैठकीतल्या श्रोत्यांसाठी लांडग्याला जिंकू दिले होते, ते याच न्यायाने.

अर्थात या नावाखाली खपणारी सारीच पुस्तके या मोलाची नाहीत. परीकथेतल्या राजकन्या अर्धवस्त्रांकित करून मुखपृष्ठावर उभ्या करावयाच्या आणि आत पानोपानी नुसते कापाकापीचे देखावे मांडावयाचे, एवढ्यावर चालणाऱ्या मालाही बाजारात पुष्कळ आहेत. त्यांना ओळखण्याची खूण कठीण नाही. भय काढून घेतल्यावर पुस्तकात काही उरते का, हे पाहावे. ‘फेबल्स’मधून भय काढले, तर निर्वासितांचे दुःख उरते. वेल्मान यांच्या पुस्तकातून भय काढले, तर बालपणाविषयीचा एक करुण विचार उरतो. या दुसऱ्या मालांतून भय काढले, तर कोरी पाने उरतात.

मग आपण करावे काय? बंदी हा उपाय नव्हे. १९५४ च्या आचारसंहितेने वाइटाबरोबर होऊ घातलेले चांगलेही खुडले, आणि एका कलेला कितीतरी वर्षे बाल्यावस्थेत डांबून ठेवले. परंतु ‘मूळ गोष्टीही अशाच होत्या’ असे म्हणून आठ वर्षांच्या मुलापुढे ही पुस्तके टाकणे हाही तितकाच बेजबाबदारपणा आहे. पुस्तकावरची सूचना बारीक अक्षरांत असते, आणि राजकन्येचे चित्र मोठे असते. तेव्हा पालकांनी एवढे तरी करावे, की चित्रकथा मुलाच्या हाती देण्यापूर्वी ती स्वतः शेवटपर्यंत वाचावी. चित्रकथा वाचणे म्हणजे कमीपणा, ही समजूत सोडल्याशिवाय हे घडणार नाही. आणि ही समजूत आहे तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांना मूल काय वाचते याचा पत्ता लागणार नाही.

ग्रंथालयांच्या चालकांनाही एक विनंती आहे. आपल्या वाचनालयांत चित्रांचे पुस्तक म्हटले की ते बालविभागात जाते. कादंबरीत जसा बालांसाठीच्या आणि प्रौढांसाठीच्या ग्रंथांचा भेद आपण करतो, तसाच तो चित्रकथेतही करावा आणि तिला प्रौढ विभागात मानाचे स्थान द्यावे. त्याने मुलांचे रक्षण होईल, आणि आजवर या वाङ्मयाकडे न वळलेल्या प्रौढ वाचकांना एक नवे दालन उघडेल.

आणि शेवटची गोष्ट. मुलांच्या वाट्याचा काळोख मुलांपासून काढून घेऊ नये. लांडगाच नसलेली लाल टोपीवाल्या मुलीची कथा कोणाच्याही उपयोगाची नाही. मुलाला रानाची भीती असतेच. गोष्ट तिला लांडग्याचे नाव आणि रूप देते, आणि शेवटी त्याचा बंदोबस्त करते. त्या वयात तेवढा भरवसा त्याच्या हक्काचा आहे. कॅरल यांच्या लांडग्याचे शब्द त्याला कळावयाचे तेव्हा कळतील, आणि ते कळण्याच्या वयात त्याच्या हाती ते पुस्तकही असावे. त्या दिवसापर्यंत मात्र रात्रीची गोष्ट पुस्तकावर न सोपवता आपल्या तोंडाने सांगावी. कारण सांगणारा माणूस ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत असतो, आणि कुठे थांबावे हे त्याला त्या चेहऱ्यावरून समजते. छापलेल्या चौकटीला ते समजत नाही.